देवाचा भार

मावशी, तुझ्या मातीला लोक हसले.

हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तू विचारलं असतंस, "काहून रे सम्या, माह्यं तोंड उघडं राह्यलं होतं का?" तसं काही नव्हतं. तोंड नीट मिटलेलं होतं. जन्मात पहिल्यांदाच, असं गोदाबाई म्हणाली.

झालं ते असं. वाशीमहून मिशनचे पाळकसाहेब सायकलवर आले. तुझ्या खड्ड्यापाशी उभं राहून त्यांनी चांगली प्रार्थना केली. तुझ्या कष्टांबद्दल बोलले, देवळात झाडू मारायचीस त्याबद्दल बोलले, आणि मग म्हणाले, "ही आमची बहीण सुखात आणि दुःखात रोज देवाचे आभार मानीत असे." तेव्हा मागून, बाभळीखालून, जिथे गावातली माणसं जरा अंतर राखून उभी होती तिथून आवाज आला. हळू बोलणं गोदाबाईला कधी जमलं आहे?

"आभार नाही वो सायेब. भार. ते भारच म्हने."

आधी कुणीतरी नाकातून फुसकन हसलं. मग बाया पदर तोंडाला लावून हसल्या, मग गडीमाणसं, आणि शेवटी पाळकसाहेबसुद्धा. मी एकटा हसलो नाही. कारण तुझी ती चूक चारचौघांत दुरुस्त करणारा पहिला माणूस मी होतो. त्या गोष्टीची बोचणी घेऊनच मी अमरावतीहून आलो होतो. पाळकसाहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी मान हलवून नाही म्हणालो. गावात कॉलेजला गेलेला एकच मुलगा, आणि त्याला दोन शब्द सापडले नाहीत.

ते आता लिहितो. तुला वाचता येत नाही हे मला माहीत आहे, पण तिथे कुणी ना कुणी वाचून दाखवेल. तू कुणालाही कामाला लावतेस.

उपदेशक पहिल्यांदा आपल्या वस्तीत आले तेव्हाची गोष्ट तूच मला सांगितली होतीस. त्यांनी सगळ्यांना निंबाखाली बसवलं आणि म्हणाले, रोज देवाचे आभार माना. तो शब्द आपल्या वस्तीत कुणाच्या ओळखीचा नव्हता. आपल्याकडे कुणी कुणाचे आभार मानत नाही. दिलं तर घेतो आणि वेळ आली की देतो. पण 'भार' तुला चांगला ठाऊक होता. तो लहानपणापासून तुझ्या डोक्यावर होता. कधी सरपणाची मोळी, कधी दुसऱ्याच्या कापसाचं गाठोडं, कधी कडब्याच्या पेंढ्या. म्हणून तू ऐकलंस, देवाचा भार माना. आणि तुला ते लगेच पटलं. ज्याने एवढं जग डोक्यावर घेतलं आहे त्याला निदान "बाप्पा, तुह्या डोक्शावर लय हाय, मी पाह्यलं" एवढं तरी म्हटलं पाहिजे.

आणि मग तुझा ओटा. जड मोळी एकट्या बाईला डोक्यावर घेता येत नाही आणि एकटीला उतरवताही येत नाही. फेकून देता येते, पण मग दोर तुटतो, काटक्या विखुरतात, कापूस असला तर मातीत जातो. म्हणून रानातून येणारी बाई दुरूनच हाक देते, "हात लाव व माय!" आपला ओटा वाटेवर, वस्तीच्या टोकाला. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी हाक आली की तू हातातलं काम टाकून उठायचीस. पण हात लावल्यावर मोळी लगेच खाली येऊ द्यायची नाहीस. अर्ध्यात धरून ठेवायचीस आणि म्हणायचीस, "भार सांग." आज देवाने आपलं काय उचललं ते सांगेपर्यंत मोळी अधांतरी.

"सोड व सटवे, मान मोडली!"

"मंग सांग लवकर."

गोदाबाई त्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ती गावातली, कुणब्याची. आपल्या ओट्यावर तिला बसायचं नव्हतं आणि आपलं पाणीही चालत नव्हतं. पण एका संध्याकाळी बरोबर आपल्या दारासमोर तिच्या मोळीचा दोर सुटायला लागला. ती दोन्ही हातांनी मोळी धरून उभी, आणि आसपास तुझ्याशिवाय कुणी नाही. तिने स्वतःच निकाल दिला, "मोयीले इटाळ नसते. लाव हात." तू लावलास, अर्ध्यात धरलीस आणि म्हणालीस, "भार सांग." बिचारीला काही कळेना. शेवटी मोळी खाली आली तेव्हा ती मोळीवरच बसली. म्हणाली, "मी तुमच्या ओट्यावर नाही बसली, माह्या मोयीवर बसली." त्यानंतर अकरा वर्षं ती रोज आपल्या मोळीवर बसून तुझ्याशी भांडत होती.

तुझे नियमही होते. शिळा भार चालत नसे, कालचा कालच्याला. मोठा भारही चालत नसे. कुणी 'देवानं जीव देला, ऊन देलं' असं सुरू केलं की तू थांबवायचीस. "ते त पाटलालेही देलं. तुह्यं काय ते सांग." मग गोदाबाई विचार करून म्हणायची, "आज सुनेनं भाजीत मीठ बराबर टाकलं."

"हा त सुनेचा भार झाला. देवाचा सांग."

"तिले अक्कल देवानंच देली ना व? तिच्या बापाच्यानं झालं नसतं ते!"

हा भार तू मान्य केलास. मला आठवतं, तू इतकी हसलीस की मोळी दोघींच्या हातून सुटली.

मातीच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले की तू स्वभावानेच आनंदी होतीस. मला तसं वाटत नाही. सकाळी तू मुळीच आनंदी नसायचीस. चुलीवर ओरडायचीस, बकरीवर ओरडायचीस, माझ्यावर तर ओरडायचीसच. आनंद तू दिवसभरात गोळा करायचीस, रानातून सरपण गोळा करावं तसा, एकेक काडी. आणि संध्याकाळी त्याची मोळी झालेली असायची. शांतीचा अर्थ मी तुला एकदा विचारला होता, परीक्षेला होता म्हणून. तू म्हणालीस, "मान मोकळी असनं. भार घेऊन निजलं का सकाळी मान अकडते." परीक्षेत मी दुसरंच काही लिहिलं.

आणि सकाळची ती एक ओळ. मला वाचता यायला लागल्यापासून तू रोज चुलीपुढे माझ्याकडून पवित्र शास्त्रातली एक ओळ वाचून घ्यायचीस. एकच. मी पुढे वाचायला लागलो की हात धरायचीस. "पुरे. दोन ओयी नेल्या का वाटेत एक सांडते." ती ओळ तू रानात घेऊन जायचीस आणि संध्याकाळी मला विचारायचीस, "सम्या, आजची ओय तुले कुठी भेटली?" मला ती बहुतेक कुठेच भेटलेली नसायची. तुला भेटायची. एकदा शेजाऱ्यावर प्रीती करण्याची ओळ निघाली आणि त्याच दिवशी तुझ्या बकरीने गोदाबाईच्या परसातले भोपळ्याचे वेल खाल्ले. संध्याकाळी गोदाबाई मोळीऐवजी काठी घेऊन आली. तू आधी माझ्याकडे वळलीस. "खरं सांग, हे ओय तू निवडून काढली होती का रे?"

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते.

अमरावतीला मी गेलो तेव्हा पहिले दोन महिने फार वाईट गेले. प्रोफेसर इंग्रजीत शिकवत, मला अर्धं कळत नसे. वसतिगृहात पहिल्याच दिवशी मी "मले पानी पाहिजे" म्हणालो आणि माझ्या खोलीतल्या वसंताने माझं नावच 'मले' ठेवलं. मग मी बोलणंच सोडलं. एका संध्याकाळी खोलीत कुणी नव्हतं. मी माझ्या पत्र्याच्या पेटीवर बसलो होतो, गोदाबाई मोळीवर बसते तसा. घरी परत जावं असं मनात पक्कं झालं होतं. उठून कपडे भरायचे एवढंच राहिलं होतं. आणि कुठून कोण जाणे, कानात आलं, "भार सांग."

मी शोधायला लागलो. मोठा चालत नाही, शिळा चालत नाही. शोधता शोधता आठवलं की खानावळीतल्या म्हातारीने दुपारी मला न विचारता दुसरी भाकर वाढली होती. मी ते हळूच बोललो. देवाचा भार, म्हणालो. रडू येईल असं वाटलं होतं, पण हसू आलं, कारण मान खरोखरच मोकळी झाली. तेव्हापासून मी रोज सांगत होतो, मावशी. सकाळी एक ओळ, संध्याकाळी एक भार. एकदा काहीच सापडेना तेव्हा 'आज प्रोफेसरांचा घसा बसला होता' हाही सांगितला. तू तो मान्य केला असतास की नाही, ठाऊक नाही.

हे तुला पत्रात लिहायला काय हरकत होती? पण माझी कार्डं शाळेचे मास्तर ओट्यावर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत. कॉलेजात शिकणारा मुलगा 'भार' लिहितो म्हणून मास्तर हसतील, अशी मला लाज वाटली. म्हणून मी दर वेळी लिहीत आलो, प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी.

आणि मग नाताळ. रोडगे, वरण, वांग्याची भाजी. पाळकसाहेब पंगतीला होते, आणि मी नवा कोट घालून त्यांच्या शेजारी. जेवणाआधी तू डोळे मिटून म्हणालीस, "देवा, मी तुहा भार मानतो." आणि मी, ज्याने तोच शब्द धरून इतके महिने काढले होते, मी पाळकसाहेबांकडे पाहून बोललो, "मावशी, 'भार' नाही, 'आभार'. भार म्हणजे ओझं. देवाला कसलं ओझं?"

पाळकसाहेब पानातल्या रोडग्याकडे पाहू लागले.

"असं काय?" तू म्हणालीस. "मंग इतकी वर्सं मी देवाच्या डोक्शावर ओझंच ठेवून राह्यली होती!" आणि तूच आधी हसलीस. "बरं केलं बाप्पा सांगतलं. लेकरू शिकून आलं."

त्यानंतर तीन संध्याकाळी ओट्यावर 'आभार' चालले. तू मोळीला हात लावायचीस, बाई म्हणायची, "मी आभार मानतो." तू विचारायचीस, "कायचे?" ती म्हणायची, "सगळ्याचेच." आणि मोळी सरळ खाली. कुणी थांबत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी गोदाबाई भडकली. "हे काय तहसिलीत दरखास्त देऊन राह्यलो का आपन?" चौथ्या दिवसापासून तुमचा भार परत आला. तू मला एका शब्दाने टोचलं नाहीस. टोचलं असतंस तर बरं झालं असतं.

सुटी संपली तेव्हा मेडशीच्या मोटारीपर्यंत माझी पेटी तू डोक्यावर घेतलीस. मी मागितली तर म्हणालीस, "तुहा कोट खराब होईन." वाटेत तू एकच विचारलंस, "सम्या, देवाले खरंच भार नसते का रे?" मी म्हणालो, "पुस्तकात पाहून पुढच्या सुटीत सांगतो." मोटार भरलेली होती. मी पेटी उतरवायला हात लावला. तू सोडली नाहीस. अर्ध्यात धरून, डोळे बारीक करून म्हणालीस, "भार सांग."

मोटारीतली माणसं बघत होती. मी म्हणालो, "मावशी, सोड."

तू सोडलीस. हसतच सोडलीस. पण सोडलीस. पुढच्या सुटीच्या आधीच तार आली, आणि मी पोहोचलो तेव्हा तुझा ताप आणि तू, दोन्ही गेलेले होते.

माती झाली त्या संध्याकाळी ओटा रिकामा होता. वस्तीतल्या तिघीचौघी आल्या, खाली अंगणात बसल्या. कुणाजवळ मोळी नव्हती. मी दारात बसलो होतो. सगळ्यांच्या मनात एकच होतं, ते एकीने बोलूनही दाखवलं. "आता ओट्यावर कोन?" आणि त्या माझ्याकडे पाहत होत्या. मला तर चार दिवसांत परत जायचं होतं.

तेवढ्यात वाटेवरून तुराट्यांची ही एवढी मोळी चालत आली, आणि तिच्याखाली गोदाबाई. तुला माती देऊन ती तशीच वावरात गेली होती. "हात लाव व माय!" तिने सवयीने हाक दिली. कुणी उठलं नाही. ते काम तुझं होतं ना. ती अंगणात उभी राहिली.

"अरे हात लावता का नाही कोनी? का मी अशीच उभी राहू तिच्या मांगं जाईपर्यंत?"

मी उठलो. मोळीखाली दोन्ही हात घातले. आणि मावशी, माझे हात अर्ध्यातच थांबले. मी ठरवलं नव्हतं. मी म्हणालो, "भार सांगा."

गोदाबाईने माझ्याकडे पाहिलं. "पाहा ह्या पोट्ट्याले," ती म्हणाली. मोळी अधांतरी. माझे दंड भरून आले. शेवटी ती म्हणाली, "आज तिच्या मातीले लोकं हासले. रडवून गेली असती त मले लय राग आला असता. देवाचा भार."

मोळी खाली आली. गोदाबाईने मोळीकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, आणि ओट्यावर बसली. तुझ्या जागेवर. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

"काय पाहता? तुराटी टोचते," ती म्हणाली. "सम्या, आता तुहा सांग."

मी सुरुवात केली, "मी देवाचे आभा—"

"भार म्हन! आभार तिकडं, तुह्या कॉलेजात."

म्हणून मी भार सांगितला. खानावळीतली भाकर सांगितली, पेटीवर बसलेली ती संध्याकाळ सांगितली, 'मले' सांगितलं, प्रोफेसरांचा घसाही सांगितला. तो ऐकून सगळ्या हसल्या. मेडशीच्या मोटारीजवळचं सांगितलं तेव्हा हसल्या नाहीत. गोदाबाई एवढंच म्हणाली, "हा शिया झाला. पन आजचा दिवस चालते."

ओट्याचं तेव्हाच ठरून गेलं. कुणी ठरवलं असं नाही. दुसऱ्या दिवशी हाक आली तर गोदाबाई उठली, एवढंच. तुझ्याहून जास्त वेळ अर्ध्यात धरते, अशी बायांची तक्रार आहे. पाणी अजून आपल्या घरचं पीत नाही. ते तुम्ही दोघी तुमचं पाहा.

निघायच्या दिवशी पेटी तिनेच माझ्या डोक्यावर चढवून दिली. मी कोट काढून पेटीत ठेवला होता. "चढवून मी देतो," ती म्हणाली, "पन तिकडं उतरवायले कोन हाय तुले?" मी म्हणालो, "पाहतो."

मेडशी, अकोला, बडनेरा, अमरावती. वसतिगृहाचा जिना चढून मी खोलीच्या दारात उभा राहिलो तेव्हा वसंता खाटेवर पडून पुस्तक वाचत होता.

"काय रे मले, आलास?"

"आलो. हात लाव."

मी आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. तो दचकून उठला, पेटीखाली हात घातले, आणि आम्ही ती डोक्यावरून उचलली. अर्ध्यात आल्यावर मी थांबलो.

"सोड ना, जड आहे," तो म्हणाला.

"आज मोटारीत एका बाईनं लेकरू मांडीवर घेऊन मला जागा करून दिली," मी म्हणालो. "देवाचा भार."

"आभार म्हणतात."

"माझ्या मावशीचा शब्द आहे. भारच. आता तुझा सांग."

"माझा?"

"आज तुझं काय उचललं गेलं ते. मोठं नको. शिळं नको."

तो मला वेड्यात काढेल असं वाटलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता, पेटीचं अर्धं वजन त्याच्या हातांवर होतं. देवाला भार असतो का, हे मी पुस्तकात पाहिलं नाही, मावशी. पण तेव्हा वसंताच्या हातांकडे पाहून मला वाटलं, असावा. कुणीतरी दुसऱ्या बाजूने धरल्याशिवाय का कुणाचं उतरतं?

वसंताने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग पेटीकडे बघत म्हणाला, "इतके दिवस खोलीत फार सुनं वाटत होतं. तू आलास."

मग आम्ही पेटी खाली ठेवली.